टेम्परेचरचा काटा मधेच पडतो, सेन्सर दोनदा बदलला तरी तेच: आता काय बघायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. २०१३ ची पेट्रोल हॅचबॅक, ८७ हजार किलोमीटर झालेली. खराब रस्त्यावर किंवा घाटात टेम्परेचरचा काटा अचानक तळाला जातो, रेडिएटरचा फॅन फुल स्पीडने सुरू होतो, एसी बंद पडतो, चेक लाईट लागते आणि दहा-पंधरा मिनिटांनी सगळं आपोआप नीट. गॅरेजवाल्याने कूलंट टेम्परेचर सेन्सर दोनदा बदलला, थर्मोस्टॅट (कूलंटचा रस्ता उघडणारा-बंद करणारा व्हॉल्व्ह) पण बदलला, स्कॅनर मारला की दरवेळी पी०११८ हा कोड निघतो, आणि गाडी गॅरेजच्या दारात उभी राहिली की एकदम शहाणी. आता इसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, बदला म्हणतायत.

इसीयूला आत्ता हात लावू देऊ नका. ऑटो इलेक्ट्रिकलचं काम करणाऱ्या माणसाला हा त्रास नवा नाही, आणि तुम्ही जे लिहिलंय त्यात निम्मं उत्तर आहेच, फक्त कोणी नीट वाचलेलं नाही.

पी०११८ म्हणजे सिग्नल व्होल्टेज जास्त, म्हणजे सर्किट कुठेतरी ओपन होतंय. पी०११७ असता तर उलटं, वायर अर्थला शॉर्ट. लोकं कोडमधलं "कूलंट सेन्सर" एवढंच वाचतात आणि सेन्सर बदलतात, पण कोड सेन्सरबद्दल नाही बोलत, सर्किटबद्दल बोलतो, आणि सर्किटमध्ये सेन्सर, त्याचा कपलर (वायरी सेन्सरला जोडणारा प्लग), दोन वायरी, मधले जॉइंट, इसीयूच्या पिना हे सगळं आलं. दोन नवीन सेन्सर एकाच पद्धतीने खराब निघायची शक्यता फार कमी, त्यामुळे तुमच्या केसमध्ये माझं बोट सरळ कपलर आणि वायरिंगकडे आहे. पण बोट दाखवून उपयोग नाही, पकडता आलं पाहिजे.

आधी हा सेन्सर काय करतो ते दोन वाक्यात, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. आत एक एनटीसी थर्मिस्टर असतो, गरम झाला की त्याचा रेझिस्टन्स कमी होतो. बऱ्याच गाड्यांत जो प्रकार येतो त्याचे आकडे साधारण असे: २० डिग्रीला अडीच किलोओहम, ४० ला ११७० च्या आसपास, ८० ला ३२० ओहम, ९० ला २४०, १०० ला १८५-१९०. इसीयू आतल्या एका रेझिस्टरमधून ५ व्होल्ट पाठवतो, सेन्सर त्यातलं काही अर्थकडे ओढून घेतो, उरलेलं व्होल्टेज इसीयू मोजतो. वायर तुटली की ओढणारं कोणी नाही, व्होल्टेज सरळ ५ ला जातं, आणि इसीयूच्या हिशोबात ५ व्होल्ट म्हणजे उणे ४० डिग्री. म्हणून स्कॅनरवर भर मे महिन्यात उणे ४० दिसतं. (उणे ४० ला सेल्सियस आणि फॅरनहाइट एकच असतात, त्यामुळे स्कॅनर कुठल्याही सेटिंगला असू दे, आकडा तोच दिसेल, त्यात गोंधळायला नको.) पुढे इसीयूला कळतं की हा आकडा शक्य नाही, मग इंजिन तापून खराब होऊ नये म्हणून तो स्वतःच फॅन फुल सोडतो, बऱ्याच गाड्यांत एसीचा कॉम्प्रेसर कट करतो. म्हणजे तुमचा फॅन पण बरोबर आहे, एसी पण बरोबर आहे, त्यांच्यावर पैसे घालवू नका.

आता मुख्य गोष्ट. बिघाड शोधायच्या आधी आकडा कसा पडतो ते बघा, किती पडतो ते नंतर. इंजिनात चार लिटरच्या आसपास कूलंट आहे, त्याच्याभोवती तापलेलं अॅल्युमिनियम आणि लोखंड आहे, ते एका सेकंदात ९० वरून ३० वर येऊच शकत नाही. म्हणून ग्राफवर रेघ कड्यावरून पडल्यासारखी सरळ खाली गेली तर शंभर टक्के इलेक्ट्रिकल, कूलंटचा काही संबंध नाही, थर्मोस्टॅटचा तर अजिबातच नाही. रेघ उतारासारखी हळूहळू खाली येत असेल, दोन-तीन मिनिटं घेऊन, हायवेला खाली येते आणि ट्रॅफिकमध्ये वर जाते, तर ते खरं टेम्परेचर आहे, थर्मोस्टॅट उघडा अडकलाय, सेन्सर बिचारा खरं सांगतोय. आणि तिसरा प्रकार, रेघ ९० वरून ७५, परत ९०, परत ७८ अशी थरथरते, हा सगळ्यात फसवा, त्याच्यावर खाली येतो.

ग्राफ काढायला महागडा स्कॅनर लागत नाही. भारतात एप्रिल २०१३ पासून नवीन गाड्यांना ओबीडी २ (गाडीचे कोड आणि आकडे वाचायची सोय) सक्तीचं झालं, तुमची त्या काळातलीच आहे, स्टिअरिंगखाली सोळा पिनचा सॉकेट असेल, साधं ब्लूटूथचं ईएलएम३२७ डोंगल आणि मोबाईलवर अॅप एवढ्यात भागतं. एक मात्र करा, अॅपमध्ये वीस गोष्टी एकदम लावू नका, स्वस्त डोंगल प्रत्येकाला आळीपाळीने विचारतं आणि आकडा तीन-चार सेकंदांनी एकदा बदलतो, तेवढ्यात बिघाड येऊन गेलेला असतो. फक्त तीन ठेवा, कूलंट टेम्परेचर, इनटेक एअर टेम्परेचर आणि आरपीएम. रेकॉर्डिंग चालू करून बाजूला बसलेल्याच्या हातात मोबाईल द्या आणि ज्या रस्त्यावर होतं त्याच रस्त्यावर जा. स्वतः चालवताना मोबाईल बघायचा नाही, हे सांगायची गरज नसावी पण सांगतो.

इनटेक एअर का, तर बऱ्याच गाड्यांत दोन्ही सेन्सरची अर्थ वायर इसीयूकडे जाताना एकच असते, थ्रॉटल आणि मॅप (इनटेकमधलं प्रेशर मोजणारा) सेन्सर पण त्याच अर्थवर. कूलंटचा आकडा पडताना हवेचा आकडा पण हलला तर सेन्सरच्या आसपास शोधत बसू नका, कॉमन अर्थ सुटतोय, तो लूममध्ये (वायरींच्या जुडग्यात) जिथे जोडलाय तिथे किंवा इसीयूच्या कपलरमध्ये. एकटा कूलंटचा पडला तर सेन्सरपासून त्या जॉइंटपर्यंतचा भाग, नाहीतर सिग्नल वायर. नुसत्या या एका निरीक्षणाने अर्धं बॉनेट शोधायचं वाचतं.

अजून एक फायदा, सकाळी रात्रभर उभी गाडी नुसती चावी ऑन करून बघा, स्टार्ट करू नका. कूलंट आणि हवा दोन्हीचे आकडे जवळजवळ सारखे पाहिजेत, तीन-चार डिग्रीचा फरक चालतो. कूलंट १२ आणि हवा २८ असं दिसलं तर सर्किटमध्ये कुठेतरी जास्तीचा रेझिस्टन्स बसलाय. मात्र सारखे दिसले म्हणून सुटलो असं समजू नका.

कारण असं आहे, आणि हे फार कमी लोकं लक्षात घेतात. समजा कपलरच्या पिनवर हिरवं गंज चढलंय आणि त्याने १०० ओहम जास्तीचे टाकले. थंड इंजिनला, ३० डिग्रीला, सेन्सर स्वतःच १७०० ओहमचा, त्यात १०० मिळवले तर आकडा एक-दीड डिग्रीने बदलतो, कुणाला कळणार पण नाही. तेच इंजिन ९० ला आलं की सेन्सर २४० चा, त्यात १०० मिळवले की ३४०, म्हणजे इसीयूला वाटतं ७८-७९ डिग्री. तोच गंज, तीच पिन, पण सकाळी बिघाड नाही आणि गरम झाल्यावर बारा डिग्रीचा फरक. ती थरथरणारी रेघ हीच. म्हणून गॅरेजला सकाळी थंड गाडी नेऊन "चेक केलं, ओके आहे" याला काही अर्थ नाही. उलट कपलरमध्ये ओल किंवा कूलंट शिरून दोन पिनांच्या मधे गळती होत असेल तर ते थंड असताना जास्त दिसतं, आकडा खऱ्यापेक्षा गरम दाखवतो, आणि मग थंड स्टार्टिंगला पेट्रोल कमी पडून गाडी दोन-तीन सेल्फला लागते. पावसाळ्यात सकाळी स्टार्टिंग ट्रबल आणि दुपारी सगळं छान असेल तर हे डोक्यात ठेवा.

आता बॉनेट उघडा. इंजिन बंद, चावी बाहेर, आणि इंजिन गरम असेल तर रेडिएटरच्या झाकणाला हात नाही. फॅनजवळ हात घालताना पण जपून, काही गाड्यांत चावी काढल्यावरही फॅन सुरू होतो.

पहिली टेस्ट फुकटची आहे. सेन्सरचा कपलर काढा, चावी ऑन, स्कॅनरवर उणे ४० आलं पाहिजे. मग कपलरच्या दोन पिना बारीक वायरच्या तुकड्याने एकमेकांना जोडा, आकडा वर गेला पाहिजे, १३०-१४० किंवा गाडीप्रमाणे अजून वर. दोन्ही बरोबर आले तर त्या क्षणी इसीयू आणि दोन्ही वायरी चांगल्या आहेत, इसीयू बदला म्हणणाऱ्याला हेच दाखवा. "त्या क्षणी" हे महत्त्वाचं, कारण बिघाड येऊन-जाऊन आहे, म्हणून तो जोडलेला तुकडा तसाच ठेवून कोणालातरी आकड्याकडे बघायला बसवा आणि तुम्ही लूम हलवायला घ्या. आकडा वरच चिकटून राहिला पाहिजे, कुठे वायर वाकवल्यावर एकदम उणे ४० झाला की सापडलं. इथे एक खोच आहे, काही इसीयू बिघाड कळल्यावर खरा आकडा दाखवतच नाहीत, स्वतःचा ठरलेला ८० वगैरे आकडा दाखवत बसतात, आणि तुम्ही वाटेल तेवढं हलवा तो ढिम्म. अशी गाडी असेल तर स्कॅनरवर विश्वास न ठेवता मल्टिमीटर लावायचा, सिग्नल वायरवर कपलरच्या मागच्या बाजूने बारीक पिन सरकवून, वायरीला भोक पाडून नाही. भोक पाडलेली वायर पुढच्या पावसाळ्यात आतून काळी पडते आणि मग नवा बिघाड तुमच्याच हातचा. कपलर जोडलेला असताना थंड इंजिनला साधारण दोन ते साडेतीन व्होल्ट, गरमला अर्धा ते एक व्होल्ट यायला हवं. मीटरवर मिन-मॅक्सचं बटण असेल तर ते दाबून ठेवा, क्षणभराचा ५ व्होल्टचा झटका पण तो पकडून ठेवतो (अगदी सूक्ष्म झटका स्वस्त मीटर सोडतो, पण काटा तळाला नेणारा बिघाड तेवढा छोटा नसतो). आणि काही इसीयू ५० डिग्रीच्या आसपास आतला रेझिस्टर स्वतःच बदलतात, तेव्हा व्होल्टेज एकदम एक वरून साडेतीनच्या पुढे उडी मारतं, तो बिघाड नाही, स्कॅनरवरचा आकडा तेव्हा सरळच चालत असतो.

बल्बवाला टेस्टर या वायरीला लावू नका, हे आपल्याकडे सर्रास चालतं. ५ व्होल्टची नाजूक लाईन आहे, बल्ब इतका करंट ओढतो की रीडिंग खोटं येतं, आणि टेस्टरचं दुसरं टोक चुकून बॅटरीच्या प्लसला असेल तर १२ व्होल्ट थेट इसीयूच्या आत. मग खरंच इसीयू बदलावा लागतो.

हलवायचं कसं हे पण सांगतो, कारण लोकं अख्खा लूम धरून गदागदा हलवतात आणि काही होत नाही म्हणून सोडून देतात. कपलरपासून सुरू करा, आधी फक्त कपलर वर-खाली, मग वायर कपलरमध्ये जिथे शिरते तिथे एकेक वायर दोन बोटात धरून हलकेच ओढा. चांगली वायर ताठ राहते. आतला तांब्याचा गाभा तुटला असेल तर वरचं प्लास्टिक रबरासारखं ताणलं जातं, हाताला लगेच कळतं. दोनदा सेन्सर बदललेल्या गाडीत हीच जागा माझ्या पहिल्या संशयाची, कारण कपलरचं लॉक उष्णतेने कडक झालेलं असतं आणि काढणारा लॉक न दाबता वायर धरून ओढतो. मग पुढे चार-चार इंच, जिथे लूम ब्रॅकेटवरून जातो, एअर फिल्टरच्या डब्याखालून जातो, जिथे इंजिनकडून बॉडीकडे जातो तिथे खास थांबा. इंजिन रबर माऊंटिंगवर हलतं, बॉडी हलत नाही, मधली वायर रोज वाकते. तुमचं खराब रस्त्यावरच होतं ना, मग हेच. इंजिन माऊंटिंग बसलेली असतील तर अजून जास्त वाकते, ती पण बघून घ्या. आणि उंदीर. पार्किंगमध्ये झाड किंवा कचऱ्याची कुंडी जवळ असेल तर टेप सोलून बघाच, पावसाळ्यात उंदीर बॉनेटखाली बिऱ्हाड करतात आणि अर्धी कुरतडलेली वायर महिनोन्‌महिने कशीबशी चालत राहते.

कपलर उघडून पिनांकडे मोबाईलच्या टॉर्चने बघा. हिरवट किंवा पांढरी पूड दिसली तर गंज, गुलाबी-हिरवा चिकट ओलावा असेल तर कूलंट, म्हणजे सेन्सर आतून गळतोय आणि कूलंट वायरीच्या आत चढतंय, अशा वेळी नुसता कपलर पुसून भागत नाही, वायर थोडी मागे सोलून तांबं चकचकीत आहे का काळं ते बघा. गंज नसेल आणि सगळं छान दिसत असेल तरी पिनेची पकड तपासा. जुन्या सेन्सरची एक पिन किंवा तेवढ्याच जाडीची पत्ती कपलरच्या एका भोकात घालून बाहेर ओढा, हाताला थोडी अडकली पाहिजे. लोण्यातून सुरी निघाल्यासारखी निघाली तर टर्मिनल फाकलंय. मीटरचा जाड प्रोब कोणीतरी कपलरमध्ये समोरून खुपसला की हे होतं. बाहेरचा स्वस्त सेन्सर बसवला असेल तर त्याच्या पिना किंचित बारीक असतात आणि कपलर टक करून बसतो पण आत पकड नाही, हेही पाहिलंय.

वायरमनचा आवडता "बीप" इथे फसवतो. मीटर कंटिन्युटीला (वायर सलग आहे का बघायच्या सेटिंगला) ठेवला की बीप वाजायला तांब्याची एक तार पुरते. वायरीत सोळापैकी एकच तार शिल्लक असेल तरी मीटर आनंदाने बीप करेल. संशय असेल त्या वायरीची दोन्ही टोकं सोडवा, इसीयूच्या बाजूचा कपलर पण काढा (आधी बॅटरीची निगेटिव्ह काढून), आणि त्या एकट्या वायरीतून बॅटरीने ५ वॅटचा पार्किंग बल्ब पेटवा. पूर्ण उजेड पडला आणि वायर हलवूनही तसाच राहिला तर वायर बहुतेक चांगली, मिणमिणला किंवा हलवल्यावर फडफडला तर ती वायर टाकायची. इसीयू जोडलेला असताना हे करायचं नाही म्हणजे नाही.

सेन्सर पण एकदा तपासून बाजूला ठेवा म्हणजे मनात शंका राहत नाही. पातेल्यात पाणी, सेन्सरचं पितळी टोक पाण्यात, पिना कोरड्या, शेजारी थर्मामीटर, आणि ओहमचा आकडा बघत हळूहळू तापवा. आकडा सलग खाली आला पाहिजे, मधेच उडी नको, स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकं टिचकवलं तरी उडी नको. पाणी उकळलं म्हणजे १०० धरू नका, पुण्यात ९८ ला उकळतं, महाबळेश्वरला ९५-९६ ला, त्यामुळे थर्मामीटर पाहिजेच. लेझरवाली थर्मामीटर बंदूक इंजिनवर वापरणार असाल तर चकचकीत अॅल्युमिनियमवर ती खूप कमी दाखवते, रबरी होजवर मारा किंवा काळी टेप चिकटवून तिच्यावर मारा.

जुन्या एक-वायरच्या सेन्सरला, जो फक्त मीटरच्या काट्यासाठी असतो, टेफ्लॉन टेप गुंडाळून बसवलं की त्याचा अर्थ जाऊ शकतो, कारण त्याला अर्थ थ्रेडमधूनच मिळतो. दोन वायरच्याला तो प्रश्न नाही. आणि तुमच्या गाडीत काटा पडताना स्कॅनरवर ९० च असेल तर इंजिनकडे बघूच नका, मीटर कन्सोलचा अर्थ बघा, हेडलाईट किंवा इंडिकेटर लावल्यावर काटा हलत असेल तर नक्की तेच. पण तुमचा फॅन पण सुरू होतोय आणि पी०११८ पण येतोय, म्हणजे इसीयूलाच चुकीचं दिसतंय.

एक धोक्याची गोष्ट, म्हणजे तुमच्यासाठी नाही पण वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी. काटा खाली गेला म्हणजे नेहमीच इलेक्ट्रिकल असं धरून गाडी दामटू नका. कूलंट गळून पातळी सेन्सरच्या खाली गेली तर सेन्सर पाण्याऐवजी हवेत किंवा वाफेत लटकतो आणि कमी किंवा वेडंवाकडं दाखवतो, आणि खाली इंजिन भाजत असतं. ओळखायचं सोपं आहे, काटा पडला की लगेच केबिनचा हीटर फुल गरमवर लावा. गरम हवा आली तर कूलंट फिरतंय, निवांत कडेला घ्या. थंड हवा आली तर ताबडतोब बंद. कूलंट बदलल्यानंतर लगेच असं सुरू झालं असेल तर एअर लॉक (कूलंटमध्ये अडकलेली हवा), तुमचा थर्मोस्टॅट बदललाय म्हणजे कूलंट काढलं-भरलं असणार, एअर नीट काढली होती का ते विचारा. त्यात काटा वर-खाली होतो पण पी०११८ सहसा येत नाही.

दुरुस्ती साधी आहे. टर्मिनल फाकलं किंवा गंजलं असेल तर वायरीसकट मिळणारा नवीन कपलर लावा, दोन्ही जॉइंट एकाच जागी नको, एक-दोन इंच मागेपुढे, नीट क्रिम्प किंवा सोल्डर, वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह. वायर पिळून काळी टेप गुंडाळायची हे इंजिनाच्या उष्णतेत एक उन्हाळा टिकत नाही, टेपचा गोंद वितळून खाली येतो. लूम जिथे घासत होता तिथे स्लीव्ह आणि क्लिप लावा, आणि वायरीला थोडी ढील ठेवा, ताणून बांधली की परत तुटणार.

मग कोड उडवा आणि त्याच घाटात, त्याच खड्ड्यांत, तेच तीन आकडे रेकॉर्ड करत जा. कोड नाही आला एवढ्यावर समाधान मानू नका, क्षणभराच्या झटक्याला बरेच इसीयू कोड टाकतच नाहीत, सलग काही सेकंद बिघाड राहिला तरच टाकतात, म्हणून ग्राफ बघायचा. रेघ अजूनही कुठे तुटली तर नेमकी त्या सेकंदाला हवेच्या टेम्परेचरची रेघ काय करत होती ते बघा, ती पण तुटली असेल तर पुढचा कपलर उघडायचा तो इसीयूचा.